व्हिटबीच्या बोळातली रांग

देवाशप्पथ, आईशप्पथ, आणि माझ्या तोंडात उरलेल्या चार दातांची शप्पथ, पुढं जे सांगते त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर जीभ झडो माझी. हे आधीच ओरडून सांगते, कारण ही गोष्ट सांगायला घेतली की माणसं एकमेकांकडं बघून डोळे मिचकावतात. खुशाल मिचकावा. एनिड बॅराक्लफ नावाची बाई तिकडं साहेबाच्या देशात, बॅटली नावाच्या गावात होती, आणि ती व्हिटबीच्या एका बोळात एका हिरव्या दाराशी नुसती टेकली होती. पुढं जे झालं त्यात तिचा काडीचा दोष नाही.

टेकली, कारण दमली होती. आणि ती त्या एका दिवसात दमली नव्हती, गेली दोन वर्षं दमत आली होती.

तिचा नवरा विल्फ. बसचा ड्रायव्हर. जन्मभर बॅटली ते ड्यूसबरी आणि ड्यूसबरी ते बॅटली, घाण्याच्या बैलासारखा. निवृत्त झाला तसे त्याचे हात शिवशिवायला लागले. तिथल्या पेपरांत दरवर्षी छापून येतं की देशात राहायला सगळ्यात सुंदर गावं कुठली. बॅटलीचं नाव त्यात यायचं म्हणजे गाढवाला शिंगं फुटायची. विल्फ ते पान कापून घड्याळामागं खोचून ठेवायचा, आणि शनिवार उजाडला की बायकोला म्हणायचा, "चल पोरी, आज अमुक गाव बघून येऊ. राहण्यासारखं आहे म्हणे."

एनिड थर्मासात चहा भरायची, पावाला लोणी लावायची, गुडघ्याला पट्टा बांधायची आणि गाडीत बसायची. नको म्हणाली नाही. का नाही म्हणाली? अहो, त्यांच्यात नाही म्हणत नाहीत. नाही म्हणायचं असलं तर "छान आहे" म्हणतात, आणि अगदीच नको असलं तर "फारच छान आहे" म्हणतात. कुठल्याही गावाला गेलं की तिथल्या माणसाच्या कानावर पडेल असं म्हणायचं, "किती सुंदर, इथं तर जन्मभर राहावं." आपण नाही का पाहुण्यानं चप्पल घातली की म्हणत, "जेवूनच जा ना"? तसलंच ते. खरं धरून पाहुणा परत पाटावर बसला तर काय होईल, सांगा.

तर अशी ती दोघं फिरली. बाथला गेली. तिथं जमिनीतून ऊन पाणी येतं आणि घरं सगळी मधाच्या रंगाची. पण गाडी लावायला जागा मिळेना. विल्फ गोल गोल फिरत राहिला. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ती मधाच्या रंगाची घरं एनिडच्या काचेवरून इतक्यांदा गेली, की तिसऱ्या मजल्यावरची एक म्हातारी तिला ओळखून हात करायला लागली. शेवटी पेट्रोल संपत आलं तशी परत फिरली. बाथला तिचा पाय लागला नाही. विल्फनं विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, "छान. राहावं इथं."

लॅन्डिड्नोला समुद्राकाठी इतका वारा, की एक बाई कुत्र्याला फिरवत होती ते कुत्रं पतंगासारखं वर. दोरी ताठ, कुत्रं भुंकतंय आभाळातून. ती बाई एनिडला म्हणते, "आज जरा हवा सुटलीय, नाही?" एनिड म्हणाली, "पण मोकळं वाटतं हो. इथं राहायला मजा येत असेल."

सेंट आयव्हझला समुद्रपक्ष्यानं विल्फच्या हातातला तळलेला मासा उचलून नेला. आता त्यात नवल नाही, ते चोरटेच असतात. पण तो परत आला आणि मासा कागदावर ठेवून गेला. मीठ कमी होतं. विल्फ पक्ष्याला सॉरी म्हणाला. आणि एनिड? "गोड गाव आहे," म्हणाली.

यॉर्क, लडलो, टेनबी, अगदी वर एडिनबरोपर्यंत. प्रत्येक ठिकाणी गाडी समुद्राकडं किंवा नदीकडं तोंड करून लावायची, बाहेर पाऊस, आत दोघं, काच वाफेनं धुरकटलेली. थर्मासचा चहा, पत्र्याची चव. विल्फ काच पुसायचा आणि म्हणायचा, "काय देखावा आहे." ती म्हणायची, "आहे खरा." आणि मनात म्हणायची, कधी एकदा घरी जाऊन पाय वर करते.

घर म्हणजे काय, तर काळ्या दगडांच्या घरांची ओळ, त्यातलं एक. गिरण्या चालायच्या तेव्हाचा धूर दगडात जिरलेला, तो आता सात पिढ्या निघायचा नाही. सकाळी एनिड मागचं दार उघडायची. भिंतीपलीकडं नोराचं दार उघडायचं. नोरा म्हणायची, "येणार आज." एनिड म्हणायची, "येणार." पावसाबद्दल. मग दोघी आपापली दारं लावून घ्यायच्या. एवढंच. पण हे इतकी वर्षं चाललं होतं की एखाद्या सकाळी नोराचं दार उघडलं नाही तर एनिडला चहा उतरायचा नाही. हे विल्फला ठाऊक नव्हतं. सांगायचं तरी काय? भिंतीपलीकडची बाई पाऊस येणार म्हणते, म्हणून मला हे गाव सोडायचं नाही?

आणि अशात विल्फनं घर विकायला काढलं. पुढच्या अंगणात पाटी लागली. प्रेन्टिस नावाचं तरुण जोडपं येऊन बघून गेलं, त्यांना पसंत पडलं. बाई तर स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, इथं सकाळचं ऊन येत असेल नाही? येत नव्हतं, पण विल्फ म्हणाला, येतं येतं. रविवारी संध्याकाळपर्यंत होय की नाही ते फोन करून कळवतो म्हणाला. होय म्हणजे घर गेलं. आणि होयच म्हणायचं होतं, फक्त जायचं कुठं तेवढं ठरत नव्हतं. त्या रविवारी सकाळी तो म्हणाला, "व्हिटबी राहिलंय. ते बघू आणि आज ठरवूनच टाकू, पोरी."

म्हणजे संध्याकाळपर्यंत एनिडचं घर जाणार होतं, आणि तोंड उघडायला तिच्याकडं एक दिवस होता. माळरानावरून गाडी चालली, दोन्ही बाजूंना नुसतं गवत आणि भिजलेल्या मेंढ्या, आणि ती तोंडातल्या तोंडात वाक्य जुळवत होती. विल्फ, ऐक. विल्फ, मला वाटतं. विल्फ, रागावू नकोस पण. पुढं काही सुचेना. विल्फ म्हणाला, "काही म्हणालीस?" ती म्हणाली, "मेंढ्या बऱ्याच आहेत."

व्हिटबी म्हणजे सगळा चढ. त्या गावात पडलेला बटाटा समुद्रातच जाऊन थांबतो. गाडी वरती लावून दोघं उतरत खाली आली, धक्का बघितला, बोटी बघितल्या, आणि परत चढायची वेळ आली तेव्हा एनिडचा गुडघा म्हणाला, बास. विल्फला जरा आडोशाला जाऊन यायचं होतं. तो म्हणाला, तू इथंच थांब, आलोच. ती एका बोळात शिरली, वारा लागत नव्हता म्हणून, आणि एका हिरव्या दाराशेजारी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. डोळे मिटले.

डोळे उघडले तर शेजारी एक माणूस उभा. रेनकोट, मिशा, हातात घडी घातलेला पेपर. अगदी शिस्तीत, एक हात अंतर सोडून. त्यानं मान हलवली, तिनं मान हलवली. तिला वाटलं, हाही दमला असेल. मग त्याच्यामागं दोन बाया आल्या. मग एक कुटुंब आलं, कुत्र्यासकट. बघता बघता बोळ भरला आणि शेपूट सरळ समोरच्या रस्त्यावर गेलं.

आता तुम्ही म्हणाल, त्या माणसांनी विचारलं नाही का, रांग कसली आहे म्हणून? विचारत नाहीत हो. विचारणं म्हणजे पुढं घुसायचा विचार आहे असं दिसतं. माणसं आपसात कुजबुजत होती. एक म्हणाली, धुरावलेले मासे आत मिळतात, फार जुनं दुकान आहे. दुसरी म्हणाली, नाही, दातांचा डॉक्टर आहे, नवीन पेशंट घेतोय म्हणे. हे ऐकून आणखी पंधरावीस माणसं धावत आली, कारण तिथं दातांचा डॉक्टर मिळणं म्हणजे देव भेटणं.

एनिडला घाम फुटला. तिनं रांग सोडली असती तर? पण सोडायची कशी? पहिला माणूस काही न घेता निघून गेला तर मागच्यांना काय वाटेल? तेवढ्यात हिरवं दार उघडलं. आतनं एक म्हातारा बाहेर आला, पायात सपाता, हातात दुधाच्या रिकाम्या बाटल्या. त्यानं रांग बघितली. बाटल्या पायरीवर ठेवल्या, "सॉरी हं," म्हणाला, दार ओढून घेतलं आणि चालत जाऊन रांगेच्या शेवटी उभा राहिला. स्वतःच्या घराच्या रांगेत. मी शप्पथ घेतलीय, लक्षात आहे ना?

आणि मग विल्फ आला. बोळाच्या तोंडाशी थांबला. त्याला बायको दिसली, सगळ्यात पुढं. एनिडनं हात केला. त्यानंही हात केला, आणि गुपचूप त्या सपातावाल्या म्हाताऱ्यामागं जाऊन उभा राहिला. बायको पुढं आहे म्हणून मधे घुसायचं? जन्मभर बस चालवलेला माणूस तो, रांग मोडणाऱ्याला त्यानं उभ्या आयुष्यात पायरी चढू दिली नव्हती.

एनिडनं वाट बघितली. रांग हलायचा प्रश्नच नव्हता. आभाळ खाली आलं होतं, गुडघा ठणकत होता आणि दिवस चालला होता. आणि काय कोण जाणे, समोर विल्फचा चेहरा नव्हता म्हणून असेल, तिला एकदम बोलता आलं. मिशीवाल्याकडं वळून ती म्हणाली, "अगदी शेवटी तपकिरी टोपीवाला आहे ना, तो माझा नवरा. त्याला निरोप पोचवाल का? म्हणावं, मला घरी जायचंय, आणि ते घर विकायचं नाही."

मिशीवाला कानापर्यंत लाल झाला. परक्या बाईच्या घरची गोष्ट, आणि ती अशी उघडी. तो खाकरला आणि मागच्या बाईला म्हणाला की या बाईंना, फार गैरसोय होत नसेल तर, कधीतरी घरी गेलेलं आवडेल. त्या बाईला वाटलं, व्हिटबीच्या माणसांदेखत घरी जायचं म्हणणं बरं दिसत नाही. तिनं पुढं सांगितलं की बाईंना इथं बरं वाटतंय, फक्त जरा घरची आठवण आली. त्यापुढच्यानं आठवण वगळली, कशाला उगीच नवऱ्याला काळजी. प्रत्येकानं आपापल्या परीनं निरोपाला साबण लावला, खळखळून धुतला, आणि सपातावाल्या म्हाताऱ्याच्या हाती तो इतका स्वच्छ पोचला की त्यावर अक्षर उरलं नव्हतं. म्हातारा विल्फला म्हणाला, "तुमच्या मिसेस म्हणतात, गाव फार सुंदर आहे आणि त्या जन्मभर इथं राहतील."

एनिडला इकडनं ऐकू आलं नाही, पण दिसलं. विल्फचे खांदे खाली गेले. बाईला हवं ते गाव सापडलं म्हणून माणूस खूश होईल की नाही? तो खूश झाला नाही. कुणी पोतं ठेवावं पाठीवर तसा वाकला. मग त्यानं काहीतरी सांगितलं, आणि तो निरोप पुढं पुढं येत मिशीवाल्यापर्यंत आला. हा निरोप मुळातच सभ्य होता, त्यामुळं कुणाला धुवावा लागला नाही, जशाचा तसा आला. "मिस्टर म्हणतात, ठीक आहे. व्हिटबी. संध्याकाळी प्रेन्टिसना होय कळवतो."

एनिडनं आयुष्यात कधी चारचौघांत आवाज चढवला नव्हता. गिरणीत कामाला असताना मागांच्या आवाजात बाया ओठ हलवून बोलायच्या, ओरडायची गरजच पडायची नाही. आत्ताही ती ओरडली नाही. पण भिंतीपासून सुटी झाली, बोळाच्या मधोमध उभी राहिली, आणि त्या अरुंद दगडात तिचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला.

"विल्फ. मला व्हिटबीत राहायचं नाही. बाथला नाही, टेनबीला नाही. मला आता कुठलंही गाव बघायचं नाही रे. मला बॅटलीला घरी राहायचंय, मरेपर्यंत."

सगळ्यांनी बुटांकडं बघायला सुरुवात केली. एका बाईनं गटाराच्या झाकणाकडं असं टक लावून बघितलं, की जणू त्यावर काहीतरी कोरलंय. विल्फ निघाला. पुढं येताना एकेकाला सॉरी म्हणत आला, पुढं घुसत नाहीये हो, बायकोशी बोलायचंय फक्त. कुत्र्यालाही म्हणाला. तिच्यासमोर येऊन टोपी काढून उभा राहिला.

"मग स्कारबरोला म्हणाली होतीस ते?"

"काय म्हणाले होते?"

"लग्न झाल्यावर गेलो होतो तेव्हा. खिडकीत उभी होतीस. समुद्राकडं बघून म्हणालीस, अशा ठिकाणी जन्मभर राहायला मिळालं तर मला आणखी काही नको."

एनिडला आठवायला वेळ लागला. खिडकी आठवेना, समुद्रही आठवेना. मग अंडी आठवली. "अरे देवा. आपण उतरलो होतो तिथली मालकीण मागं उभी होती, अंड्यांची ताटली घेऊन. तिच्या तोंडावर काय सांगायचं होतं, गादीत ढेकूण आहेत म्हणून?"

विल्फनं हातातली टोपी एकदा गोल फिरवली. रविवारच्या पाळ्या, नाताळातल्या पाळ्या, दुसऱ्याच्या आजारपणातल्या पाळ्या, सगळ्या त्यानं त्या एका वाक्यापायी केल्या होत्या. बायकोला समुद्राकाठी घर. आणि ते वाक्य अंडी आणणाऱ्या बाईसाठी होतं.

"आणि तू प्रत्येक गावात तेच म्हणत आलीस," तो म्हणाला. "मला कळेना की नक्की कुठलं. मी म्हटलं, बघत राहू, कधीतरी हिचा चेहरा खुलेल."

"मला वाटलं, तुला हवंय."

"मला?" तो हसला, पण ते हसू नव्हतं. "मला समुद्र बघून मळमळतं, पोरी. म्हणून तर काच पुसत असतो सारखा." मग जरा थांबून म्हणाला, "मी फार दमलोय गं."

"मीपण."

एवढंच. मिठ्याबिठ्या काही नाहीत, ते तसले नाहीत. त्यानं तिच्या काखेत हात घातला आणि दोघं रांगेच्या बाजूनं, माफी मागत, बाहेर पडली. मिशीवाला एक पाऊल पुढं सरकला आणि हिरव्या दाराशी पाठ लावून उभा राहिला. मागं सगळी रांग एकेक पाऊल पुढं आली. माणसांना हायसं वाटलं. हलली म्हणाली, एकदाची.

परतीच्या वाटेवर एनिडनं चहा ओतून दिला, तो विल्फनं एका हातात धरून गार केला. राग नव्हता तो. माणूस पायरी आहे समजून अंधारात पाय टाकतो आणि पायरी नसते, तसं झालं होतं त्याचं. एनिडला वाटलं, गप्पच बसले असते तर बरं झालं असतं का? पण गुडघा म्हणाला, नाही.

मग माळरान संपता संपता विल्फला प्रेन्टिस आठवले. त्या माणसांना तोंडावर नकार द्यायचा, या विचारानं त्यानं गाडी बैलगाडीइतकी सावकाश केली. एनिड म्हणाली, आत्ताच बोलून बघ. मी प्रेन्टिसबाई. म्हण नाही.

"नाही," विल्फ म्हणाला, "म्हणजे, तुमची काही हरकत नसेल तर."

"पुढचं नको."

"नाही. पण तुम्ही एवढं लांबून आलात."

"विल्फ."

"नाही. सॉरी."

"सॉरी नको म्हणू."

"सॉरी."

घर येईपर्यंत हेच. मेंढ्यांना नाही म्हणून झालं, वळणांना नाही म्हणून झालं. घरी आल्यावर एनिडनं कोटही काढला नाही, फोनशेजारी खुर्ची ओढून बसली. विल्फनं नंबर फिरवला. पलीकडून आवाज आला तसा ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "नाही. विकायचं नाही." आणि फोन ठेवून दिला. मग अंगणात गेला, पाटी हलवून हलवून उपटली आणि कोळशाच्या खोलीत नेऊन टाकली. एनिड पाय वर करून बसली. तिला झोप लागली, तोंड उघडं टाकून, कोटासकट.

बरं. झालं सगळं. आता चार दातांचा प्रश्न आहे म्हणून एक कबूल करते. ते फोनवरचं "नाही" मी घातलंय पदरचं. विल्फ तसं बोलला नाही. तो प्रेन्टिसबाईशी दिवे लागेपर्यंत बोलत बसला, आधी हवेबद्दल, मग रस्त्यांबद्दल, मग तिच्या आईच्या कंबरेबद्दल, आणि दर वाक्याला इतक्यांदा सॉरी म्हणाला की शेवटी तीच बिचारी कंटाळून म्हणाली, मिस्टर बॅराक्लफ, तुम्ही वाईट वाटून घेणार नसाल तर, आम्हांला ते घर आता नकोय. आणि विल्फ म्हणाला, "अरेरे." त्याला रात्रभर त्यांचं वाईट वाटत राहिलं.

पण इतक्या वर्षांनी एकदा तरी त्यानं ते "नाही" म्हणायला हवं होतं. म्हणून मी म्हणवून घेतलं.